मापाचं झबलं

मशीन गंगाखेडला जाणार, हे मला कुणी समोर बसवून सांगितलं नाही. मी चुलीपुढे भाकरी थापत होते आणि सासूबाई ओसरीवर शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या लेकीला तीन पोरी हाईत गंगाखेडात. तिच्या लय कामाला येईल मशीन. हितं काय, नुसती धूळ खायली." ऐकता ऐकता माझी तव्यावरची भाकरी करपली. ती करपलेली भाकरी मी दुपारी मुद्दाम त्यांच्याच ताटात वाढली.

धूळ खायली म्हणे! मशीन मी रोज पुसत होते, सणासुदीला तिला हळदकुंकू वाहत होते. हातानं फिरवायची, लाकडी झाकणाची मशीन. माझे वडील मी लहान असताना गेले आणि आईनं परभणीत लोकांची लुगडी-चोळ्या, पोराबाळांचे कपडे शिवून आम्हा भावंडांना त्याच मशीनवर वाढवलं. माझ्या लग्नात तिनं ती माझ्याबरोबर दिली. तेव्हा सासरच्यांनी केवढं कौतुक केलं होतं! कौतुक करायला काय जातं. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच एक होतं, आणि तेच आता दुसऱ्याच्या घरी निघालं होतं.

मला मूल झालं नाही. हे इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं शेवटापर्यंत वाट बघत बसायला नको. मशीन गंगाखेडला निघण्याचं कारणही तेच होतं.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, रझाकार गेले, कचेरीतली उर्दू जाऊन हळूहळू मराठी येत होती. मानवतच्या बाजारात माणसं नव्या राज्याच्या गप्पा मारत होती. आमच्या घरात मात्र सासूबाईंचं राज्य होतं तसंच होतं, आणि ते कुणी विलीन करून घेत नव्हतं. आमचे हे जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर कारकून होते. बाहेर त्यांच्या वजनात गुंजभर फरक पडत नसे. घरातला काटा कायम आईकडे झुकलेला.

हात धुऊन मी ओसरीवर गेले. शेजारीण अजून बसलेलीच होती, आणि ती होती म्हणूनच गेले. ही शेजारीण म्हणजे आमच्या गल्लीचा रेडिओ. तिच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत पेठेत पोचायचं.

"आत्याबाई, मशीन माझ्या आईची हाय," मी सासूबाईंना म्हटलं.

"मग? आम्ही काय चोरून आणली म्हनलाव का? तुला काय शिवायचंय गं? ज्या घरात लेकरू न्हाई त्या घरात मशीन कशाला लागती?"

शेजारणीनं मान खाली घालून पदराशी चाळा सुरू केला. मला इतका राग आला की कानशिलं तापली. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"संक्रांतीला तुमच्या नातवाचं बोरन्हाण हाय न? त्याचा अंगरखा मी शिवते. अंगाला नीट बसला तर मशीन हितंच ऱ्हाईल. न्हाई बसला तर मीच पोत्यात बांधून गंगाखेडला धाडते."

"आता बया! बरोबर बोलली की पोरगी," शेजारीण म्हणाली. सासूबाईंना तिच्यासमोर नाही म्हणता येईना. "बगू," त्या म्हणाल्या. "बसला तर ऱ्हाऊ दे." शब्द गेला. मी आत येऊन तांब्याभर पाणी प्यायले.

नातू म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा मुलगा. ती मंडळी देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावी शेतावर राहत. जाऊबाईंची आधीची दोन लेकरं गेलेली. हा तिसरा, नवसासायासाचा. मागच्या संक्रांतीला भावकीत सुतक होतं म्हणून त्याचं बोरन्हाण राहून गेलं होतं. आता तो दीड वर्षाचा, धावायला लागलेला. काळा अंगरखा, हलव्याचा मुकुट, हलव्याची बासरी असं सगळं लेवून कृष्ण व्हायचं ठरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी अट घातली. "लेकराच्या अंगाला फीत लावायची न्हाई. माप घेतलं की वाढ खुंटती."

माझ्या आईनं अर्ध्या परभणीच्या लेकरांना फीत लावली असेल. सगळी ताडमाड वाढली. जावेच्या थोरल्या भावाच्या पोरांचं माप शिंपी घेत होता, तेव्हा कुणाची वाढ खुंटल्याचं ऐकलं नाही. वाढ खुंटणार होती ती फक्त माझ्या फितीनं. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"मग शिवू कशावरून?"

"मी जायलेच गावाकडं. त्याचं एक झबलं आणते मापाला."

हे तसं रीतीला धरून होतं. परगावच्या लेकराचं असंच करतात, अंगाला येणारा एक कपडा मापाला पाठवतात. मी वाट बघत बसले. तोवर सासूबाईंनी दुकानातून काळं साटीन आणलं, ते बेतापुरतं. एकदा कात्री चुकली की संपलं. चुकावी म्हणूनच तेवढं आणलं असणार, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

माझ्याकडे आईनं दिलेले खाकी कागदाचे दोन नमुने होते. एक एका वर्षाच्या मुलाच्या मापाचा, दुसरा दोन वर्षांच्या. मधला नव्हता. आई म्हणायची, मधलं लेकरू कागदावर बेतू नये, एकाला घट्ट होतं ते दुसऱ्याला लोंबतं. सरळ त्याच्या अंगाला फीत लावावी. बोलायला सोपं होतं तिला, तिला कुणी फीत लावू नको म्हणत नव्हतं.

सासूबाई गावाहून आल्या त्या झबलं घेऊन. विटकं गुलाबी, स्वच्छ धुतलेलं, घडी घातलेलं. मी ते पसरून एका वर्षाच्या नमुन्यावर ठेवलं. नमुना चहूबाजूंनी बाहेर डोकावत होता. म्हणजे झबलं वर्षाच्या आतल्या लेकराचं.

मला ते लेकरू चांगलं आठवत होतं. दिवाळीला सगळी मंडळी मानवतात आली होती. फराळाच्या गडबडीत बायका चुलीपाशी होत्या आणि मी माजघरात बसून उशांचे अभ्रे शिवत होते. हे बोचकं दुडूदुडू चालत आलं आणि मशीनच्या फळीला पोट लावून उभं राहिलं. चाकाकडे बघत राहिलं. मग त्यानं मूठ धरली आणि माझ्या हाताबरोबर फिरवायला लागलं. सुई वरखाली झाली की हसायचं. मी त्याला उचलून मांडीवर घेतलं. एवढ्यात जाऊबाई आल्या, त्याला माझ्या मांडीवरून ओढून नेलं आणि मला ऐकू येईल इतक्या जवळ मीठ-मोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढली. मोहऱ्या चुलीत तडतडल्या. "लय लागली बगा," असंही म्हणाल्या. मी अभ्रा पुरा केला.

त्या लेकराच्या अंगात हे गुलाबी झबलं जाणं शक्य नव्हतं. डोक्यातून खाली उतरलं नसतं.

"आत्याबाई, हे त्याचंच हाय का?"

"मग काय शेजाऱ्याचं आणलं? त्याची माय हाय ती. तिला ठाऊक न्हाई आन् तुला ठाऊक व्हय?"

मी समजले. झबलं मुद्दाम लहान दिलं होतं. मी त्यावर बेतावं, सणाच्या दिवशी सगळ्या बायकांदेखत अंगरखा लेकराच्या छातीवर अडकावा, आणि माझी मशीन गंगाखेडच्या मोटारीत चढावी. जाऊबाईंना मशीनचं काय पडलं होतं कोण जाणे. नणंदेशी तर त्यांचा उभा दावा. पण मला पाण्यात बघायला दोघी एक व्हायच्या. ते झबलं मी घडी घालून खुंटीला अडकवलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघून जळत राहिले.

संक्रांत तोंडावर आली तशी सासूबाई हलवा करायला बसल्या. परात निखाऱ्यावर, खसखशीवर पाकाचा थेंब थेंब, आणि तासन् तास हातानं ढवळणं. बोटांना फोड आले तरी त्यांनी मला परातीला हात लावू दिला नाही. मला ते बरंच झालं. दुपारभर त्या परातीपुढून हलत नव्हत्या. मी माजघराचं दार ओढून घेतलं.

दिवाळीत बसले होते तशी मशीनपुढे बसले. तो फळीला पोट लावून उभा होता तेव्हा त्याची हनुवटी चाकाच्या वर आली होती, नेमकी कुठं ते मला दिसत होतं. तिथून जमिनीपर्यंत दोरा धरला. दोन महिन्यांची वाढ म्हणून वर थोडा सोडला. मूठ फिरवताना त्याचा हात केवढा पुढं आला होता, ते मशीनवरच मोजलं. मांडीवर घेतलं तेव्हा माझा पंजा त्याच्या पाठीवर होता. अंगठा एका काखेत, करंगळी दुसऱ्या काखेत. माझी एक वीत म्हणजे त्याची पाठ. मी वीत कागदावर ठेवली आणि कडेनं पेन्सिल फिरवली. लेकरू देवगाव फाट्याला आणि मी त्याचं माप मानवतात माझ्याच हातावरून काढत होते. तेव्हा मला रडू आलं. रागानंच आलं असं म्हणते.

दोन्ही नमुन्यांच्या मधोमध असा तिसरा नमुना कागदावर उतरला. कापड त्यावर घातलं, देवाचं नाव न घेता कात्री चालवली. बगलेच्या शिवणीत भरपूर माया सोडली, खालच्या घेराला एक चूण घातली, म्हणजे कमीजास्त झालंच तर सुटेल. कडेनं जरीची फीत लावली. पाठीला बंद. अंगरखा झाला तो माझ्या आईनं हातात घेऊन उलटा करून बघावा आणि काही न बोलता परत द्यावा असा. ती काही बोलली नाही की चांगला झाला समजायचं.

सणाच्या दिवशी जाऊबाई लेकराला शालीत गुंडाळून उतरल्या. माझ्याकडे न बघता आत गेल्या. त्यांच्या पिशवीचं तोंड उघडं होतं आणि त्यात सेलूच्या बाजारातला तयार काळा झगा होता. म्हणजे माझा बसणार नाही, ही खात्री करूनच निघाल्या होत्या. अंगरखा ताटात घालून आणून ठेवला आणि लांब मशीनपाशी जाऊन बसले. बोरन्हाणाला पोरं ओतायच्या बोरांवर टपलेली, गल्लीतल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या, आणि सगळ्यांच्या पुढं शेजारीण. तिनं पैज कुणाकुणाला सांगितली होती ते बायकांच्या तोंडावरून कळत होतं. सगळ्यांचा डोळा ताटावर.

"घाला की," शेजारीण म्हणाली.

जाऊबाईंनी अंगरखा उचलला, सगळ्यांना दिसेल असा लेकरासमोर धरला आणि डोक्यातून घातला. तो सरळ खाली उतरला. बाही मनगटाशी थांबली. छातीवर चपखल. घेर घोट्याच्या वर, पायात येणार नाही असा. चूण सोडायची गरजसुद्धा पडली नाही. लेकरानं स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि घेर फुलला.

"आगं माय! मापात बसलाय!" एक जण म्हणाली. "मशीन ऱ्हायली बगा आता," शेजारीण म्हणाली, आणि सासूबाईंकडे बघून गालातल्या गालात हसली.

मला केवढा आनंद झाला ते सांगता येत नाही. मी मशीनच्या झाकणावर हात ठेवला होता, तो तसाच घट्ट दाबून धरला.

जाऊबाईंचं तोंड मात्र पांढरंफटक पडलं होतं. त्या अंगरख्याकडे बघत होत्या, बाही ओढून बघत होत्या. "बसला कसा?" त्या म्हणाल्या. आधी हळू, मग मोठ्यानं. "बसला कसा ह्यो? माप तर ह्याचं न्हवतंच!"

"मग कुणाचं व्हतं?" शेजारणीनं विचारलं. तिला असले प्रश्न बरोबर सुचायचे.

"आमच्या सालगड्याच्या पोराचं. मपल्या लेकराच्या अंगावरचं कापड हिच्या हातात मी देईन व्हय? दोन घालवून बसलेय मी. हिच्या कुशीत काई न्हाई, हिनं त्या कापडाचं काय केलं आसतं कुणाला ठाऊक?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू चोरून माप घेतलंस. दिवाळीत, निजल्यावर घेतलंस. फीत लावलीस मपल्या लेकराला! बोल!"

म्हणजे मशीनचा प्रश्नच नव्हता. त्यांना मशीन कुठं जाते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या मला भ्यायल्या होत्या. दुसऱ्याच्या लेकराचं झबलं पुढं करून त्यांनी आपलं लेकरू माझ्यापासून लपवलं होतं, आणि अंगरखा बसला म्हणजे मी ते शोधून काढलं होतं. दोन लेकरं गेलेली बाई. तिचं भय मला कळत होतं. कळलं म्हणून माझा राग काडीभरही कमी झाला नाही. उलट वाढला. वैर परवडलं असतं. एवढ्या बायकांत मला चेटकीण म्हटलं होतं, आणि एकीनंही "आसं बोलू नगं" म्हटलं नाही. सासूबाई तर हलव्याचा मुकुट हातात घेऊन खाली बघत होत्या. झबलं कुणाचं ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

जाऊबाई अंगरखा काढायला लागल्या. लेकरू रडायला लागलं, त्याला तो हवा होता. बंदाची गाठ निघेना. तेव्हा त्यांनी मशीनपाशी येऊन माझी कात्री उचलली आणि अंगरखा पाठीवरून खालपर्यंत उभा कापला. साटीन कापल्याचा तो आवाज साऱ्या घरानं ऐकला.

मी जागची उठले नाही. "कापा, जाऊबाई," मी म्हटलं. "मशीन हितंच हाय. दुसरा शिवीन. त्यो बी आसाच बसंल."

कापलेला अंगरखा न्हाणीच्या चुलीत गेला. लेकराला पुन्हा आंघोळ घातली, सेलूचा झगा चढवला. तो खांद्यावरून घसरत होता आणि पायात येत होता. मुकुट, बासरी, बाजूबंद घालून बोरं-चुरमुरे ओतले, पोरांनी लूट केली, बायका वाण घेऊन गेल्या. मला ओतायला कुणी बोलावलं नाही. लेकरू झग्यात पाय अडकून दोनदा पडलं, तेव्हा मी तोंड फिरवून घेतलं नाही, नीट बघितलं.

सासूबाईंनी शब्द पाळला. मनाच्या मोठेपणानं नव्हे, शेजारणीच्या तोंडाला भिऊन. मशीनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि त्या लेकराला पुन्हा माझ्यापुढे येऊ दिलं नाही. सणासुदीला ही मंडळी आली की मला स्वयंपाकाला जुंपायच्या आणि त्याला बाहेरच्या बाहेर फिरवायच्या. आमच्या यांनी बोरन्हाणाच्या संध्याकाळी एवढंच विचारलं, "कशाला लावून घ्यायचं मनाला?" वजन करायला माणूस बाहेरचा लागतो, हे त्या दिवशी मला कळून चुकलं.

पुढं मी लहान मुलांचे कपडे शिवायला घेतले. गल्लीतल्या बायका आधी पदराआड, मग उघड यायला लागल्या. माझा एकच नियम होता. मापाचं झबलं चालणार नाही, लेकरू आणायचं. आणायचं, माझ्या मांडीवर द्यायचं, आणि मी फीत लावीन ती बघत बसायचं. कुणी मुठीत मिठाचा खडा धरून यायच्या, कुणी लेकराच्या गालाला हे एवढं काजळ फासून. या म्हणायचे. फीत मी सावकाश लावायचे, गळा, छाती, बाही, उंची, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. कुणाची वाढ खुंटली नाही.

दीड वर्षाचं लेकरू आलं की मात्र फितीची गरज पडत नसे. त्याचा नमुना माझ्याकडे होता. कागद विरला की मी दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायचे. मानवतातल्या किती लेकरांनी त्या एका लेकराच्या मापाचा अंगरखा घातला याची मोजदाद नाही. जाऊबाई त्या दिवशी बोलल्या ते खरंच होतं. त्यांच्या मुलाचं माप मी घेतलं होतं, आणि ते मी परत केलं नाही.

आता त्या गोष्टीला एक पिढी उलटली. सासूबाई गेल्या, हेही गेले. परवा दारात एक उंचापुरा गडी उभा राहिला, चौकटीतून वाकून आत आला. मी त्याला आवाजावरून नव्हे, खांद्यावरून ओळखलं. त्याच्या हातात पिशवी होती.

"काकू, आईनं दिलीय," तो म्हणाला. "पोराचं बोरन्हाण हाय औंदा. आंगरखा तुमीच शिवायचा म्हनलीय. मापाला झबलं धाडलंय."

मी पिशवीतून झबलं काढलं. ते धुतलेलं नव्हतं. त्याला दुधाचा आणि तेलाचा वास होता, गळ्याशी लाळेचा डाग होता. या खेपेला ते खरंच त्याच लेकराचं होतं. मी ते भिंतीला टांगलेल्या त्या दीड वर्षाच्या नमुन्यावर धरलं. जाऊबाईंच्या नातवाचं माप त्यांच्या मुलाच्या मापावर जसंच्या तसं बसलं.

मी झबल्याची घडी घातली आणि पिशवीत परत ठेवली.

"आईला सांग, काकूला मापाचं झबलं चालत न्हाई. लेकरू घेऊन ये म्हणावं. तू न्हाई आणायचं, तिनं आणायचं. आन् मपल्या मांडीवर तिनं सोताच्या हातानं द्यायचं."

तो काही न समजून हसला, चहा पिऊन गेला. संक्रांत आठवड्यावर आली आहे आणि जाऊबाई अजून आलेल्या नाहीत. काळं साटीन मी आणून ठेवलं आहे, घसघशीत आणलं आहे. कात्री लावलेली नाही.